नॉर्वेचे मासे, इटलीचा रस्ता आणि तुमचा पीसी

प्रिय बाबा,

आधी वाईट बातमी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. तुमचा पीसी मी देऊन टाकणार होते! पार्ल्याच्या जिग्नेशच्या दुकानात हा जमा करायचा आणि त्याच्याकडून नवा घ्यायचा, असं ठरलं होतं. आज रविवार, सकाळी दहाला त्याचा माणूस न्यायला येणार होता. आता बारा वाजलेत, पीसी जागच्या जागी आहे आणि आई आत सुरमई तळतेय. काय घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

येत्या गुरुवारी तुमचं वर्षश्राद्ध. वर्ष कसं गेलं हो? आई गेला महिनाभर घर घासतेय. भांडी, पडदे, माळा, काही सोडलं नाही. तिचं एकच म्हणणं, "त्यांचं काही अर्धवट राहायला नको." तुमचा चष्मा दुरुस्तीला दिला होतात, तो आणला. शेजाऱ्यांचा पंखा उघडून ठेवला होतात, तो मी जोडून दिला. आणि मग आठवले मासे.

विसरलात की काय? नॉर्वेहून इटलीला निघालेला तुमचा गेममधला ट्रक! मागे गार डब्यात अठरा टन मासे. तुम्ही अर्ध्या वाटेत, जर्मनीत एका पंपावर गाडी लावलीत आणि म्हणालात, "गुडघे दुखतत गो बाय. उरलेला उद्या." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठलाच नाहीत. असं करतात का कुणी? मला अजून राग येतो. निदान माल तरी पोचवायचा!

तर वर्षभर ते मासे त्या पंपावर उभे आहेत. आईला सांगितलं तर म्हणाली, "अगो बाई, वास किती सुटला असेल!" आणि लगेच गंभीर झाली. "गुरुवारच्या आधी पोचव."

म्हणून मी तुमच्या खुर्चीत बसले. एवढे महिने बसले नव्हते, खरं सांगते. विमानतळावरच्या ड्युटीचं कारण पुढे करत होते, पण ड्युटीचा काही संबंध नव्हता. तुमचं ते टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग बघितलं की मी दारातूनच परत फिरायची.

आठवतं, पहिल्यांदा तो गेम लावून दिला तेव्हा? डेपोत पस्तीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्यात, पण चालवल्यात कुठे? दुरुस्तीच्या खड्ड्यापासून गेटपर्यंत, तेही पहिल्या गिअरमध्ये. पुढे ड्रायव्हर चढायचा आणि गाडी घेऊन जायचा. निवृत्तीनंतर त्या पडद्यावर तुम्हाला मोकळा रस्ता मिळाला आणि तुम्ही काय केलंत? सिग्नलला थांबलात! मागे पुढे कुत्रं नाही, आणि हा माणूस लाल दिव्याला हात मांडीवर ठेवून बसलाय. कोणी कट मारला की सगळ्या वाकोल्याला ऐकू जायचं, "मेल्या, इंडिकेटर खंय असा तुझो?" युरोपातले ड्रायव्हर मालवणी शिव्या खाऊन सुधारले असतील.

हां, तर मी बसले. ट्रक सुरू केला. सुरुवातीला झकास. पंपावरून बाहेर पडले, हायवेला लागले, आणि थोड्या वेळात गाडी अशी अडकायला लागली की विचारू नका. वळण आलेलं दिसायचं, मी स्टिअरिंग फिरवायची, तोवर ट्रक कठड्यावर. दोन दिवसांत चार वेळा आपटले. तुमचा स्वच्छ रेकॉर्ड होता, बाबा! मी दर वेळी गपचूप मागे जाऊन पुन्हा पंपावरून सुरुवात केली.

कोपऱ्यात आकडा लावला, एका सेकंदात पडदा किती चित्रं काढतो तो. साठ असायला हवीत, तर येत होती अठरा. वाट लागली म्हटलं. जिग्नेशला फोन केला.

त्याने विचारलं, "कार्ड कितना पुराना है?" मी चित्रं काढणाऱ्या त्या कार्डाचं वय सांगितलं. तो म्हणाला, "बस, फिर? कार्ड बदलो ना." मी मोजमाप पाठवलं, तर नवं कार्ड आपल्या पीसीच्या डब्यात मावेना, लांबीला जास्त. त्याला वीजही जास्त लागते, म्हणजे पॉवर सप्लाय नवा. सप्लाय नवा म्हणजे डबाच नवा. डबा नवा तर आतली ही जुनी मंडळी कशाला ठेवायची? असं करत करत तुमचा सगळा पीसीच बाहेर गेला. मी दोन रात्री मोबाईलवर त्या नव्या कार्डाचे व्हिडिओ बघितले आणि हो म्हणून टाकलं.

तुमची सेव्ह केलेली फेरी पेनड्राइव्हवर घेता येते, ते मला माहीत आहे. पण हा डबा तुम्ही आणि मी मिळून जोडला होता. एकेक स्क्रू तुम्ही पिळला आहे. वायरींना तुमच्या हातच्या पट्ट्या आहेत, 'पुढचा पंखा', 'मागचा पंखा', डेपोत असायच्या तशा. ते सगळं जिग्नेशच्या माळ्यावर जाणार होतं. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू बघ बाई, तुला कळतं." आणि उठून गेली. मला काही कळत नव्हतं, बाबा. मला फक्त मासे पोचवायचे होते.

काल दुपारी शेवटचा म्हणून पीसी लावला. म्हटलं पुसून ठेवू, निरोप घेऊ. ट्रक पुन्हा सुरुवातीला मस्त पळाला, पुन्हा अडकला. आणि तेव्हा तुमचा आवाज डोक्यात आला. तुम्ही डेपोत प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचात तो प्रश्न. ड्रायव्हर यायचा तोच बोंबलत, इंजिन गेलं, पंप गेला, बदलून द्या. तुम्ही हात पुसत विचारायचात, "सकाळच्या पयल्या फेरीक कशी होती? आणि दुपारी कशी?" सांगेपर्यंत पान्याला हात लावायचा नाहीत.

हा प्रश्न मला एवढे दिवस का सुचला नाही? मी स्वतःला दोन शिव्या घातल्या. कार्डात दम नसता, तर पहिल्या मिनिटापासून नसता! पहिली दहा मिनिटं साठ आणि मग अठरा, हे म्हातारपण नाही. हे तापणं आहे.

मग तुमच्याच पद्धतीने बसले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी कशाला बोट लावायचं नाही. आधी सावल्या, झाडं, पाऊस सगळं कमीत कमी केलं. दहा मिनिटांनी तेच. म्हणजे चित्रांचा भार नाही. ते सगळं पुन्हा होतं तसं करून तपमानाचा आकडा लावला, तर कार्ड नव्वदच्या वर! एवढं तापलं की ते स्वतःला सांभाळायला सावकाश चालतं. मग बाजूचं झाकण काढलं, तुमच्या ब्रशने धूळ झाडली. थोडीच होती. पंखे सगळे फिरत होते. झाकण लावलं, पुन्हा ट्रक काढला, आणि दहा मिनिटांत पुन्हा अठरा. हवा येतेय, पंखे फिरतायत, मग उष्णता अडते कुठे? मला तर रडूच यायला लागलं. शेवटी म्हटलं, जाऊ दे, गेलंच असेल कार्ड. उद्या माणूस येईल, घेऊन जाईल.

ट्रक तसाच ढकलत होते, तेवढ्यात आई आली. धुवायचे कपडे गोळा करत होती. तिने पीसीवरचा तुमचा फोटो उचलून माझ्या मांडीवर ठेवला, त्याच्याखालचा तिचा क्रोशाचा रुमाल ओढला आणि बादलीत टाकला.

मी बघत होते त्या आकड्याकडे. अठरा. बावीस. एकतीस. पंचेचाळीस.

"आई! तू आत्ता काय केलंस?"

"मी? काही नाही गं. रुमाल धुवायला घेतला."

साठ! ट्रक सुळकन वळणातून बाहेर आला.

बाबा, तुम्हाला बाराव्यानंतरचं कुठे माहीत! पाहुणे गेले तसा आईने तुमचा फोटो उचलला आणि थेट पीसीवर ठेवला. भिंतीवर नको म्हणाली. "ते दिवसभर इथेच बसायचे, इथेच राहू देत." फोटो उघड्या पत्र्यावर कसा ठेवायचा, म्हणून खाली तो जाड रुमाल, वर चंदनाचा हार, रोज एक फूल. कोणाची हिंमत होती नाही म्हणायची? मी रोज तिथे तुमच्या तोंडाकडे बघत होते, खाली काय झाकलंय ते बघितलंच नाही. आणि झाकलं होतं काय? वरची जाळी! सगळी गरम हवा जिथून निघते ती!

याच रुमालावरून तुमचं तिच्याशी भांडण व्हायचं ना? ती टीव्हीवर घालते, फ्रिजवर घालते, तसा पीसीवरही घालायची. तुम्ही काढायचात, ती पुन्हा घालायची. "अगो, त्याचा नाक कित्याक दाबतंस?" असं ओरडायचात. तुम्ही गेलात आणि काढणारं कोणी राहिलं नाही.

आणि हे तर ऐकाच. रुमाल निघाला तर खाली जाळीच्या कडेला तुमची पट्टी! काळ्या मार्करने, डेपोच्या पाटीसारखी: 'यावर काहीही ठेवू नये. हुकुमावरून.'

मी आईला म्हटलं, "हे वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं की! ते माझ्या चहाच्या कपाला उद्देशून होतं. फोटो म्हणजे काय कप आहे?"

मी हसायला लागले. ती आधी चिडली, मग तिलाही आवरेना. पदर तोंडाला लावून हसत होती, आणि हसता हसता कधी रडायला लागली मला कळलं नाही. "वर्षभर मीच त्यांचं नाक दाबून बसले गं," म्हणाली. मी म्हटलं, त्यांचं नाही, पीसीचं. तिने ऐकलं नाही. जाळीवर हात ठेवला. खालून गरम वारा येत होता. "केवढा गरम आहे," म्हणाली आणि हात तसाच ठेवून उभी राहिली. मी ट्रक बाजूला लावला आणि तिच्या कमरेला मिठी मारून बसून राहिले.

जिग्नेशला कळवलं, माणूस पाठवू नको. तो म्हणाला, "क्यूं, दूसरी दुकान मिल गयी?" मी म्हटलं, "नाही रे, याचं नाक मोकळं केलं." तो बिचारा गोंधळला, पण हसला. आणि खरं सांगायचं तर नव्या कार्डाने माझ्या त्या मारामारीच्या गेमला फरक पडला असता, बऱ्यापैकी पडला असता. कधीतरी घ्यावं लागेलच. पण तुमच्या ट्रकला काही गरज नव्हती. हा प्रश्न तुम्ही पाच मिनिटांत सोडवला असतात आणि वर मला ऐकवलं असतंत, ते वेगळंच!

सकाळी तुमच्याच हातोडीने भिंतीत खिळा ठोकला. फोटो आता पडद्याच्या बाजूला आहे, जरा तिरका झालाय, सांभाळून घ्या. तिथून तुम्हाला रस्ता सरळ दिसतो. आईने बाजूला स्टूल ओढलंय. काल संध्याकाळी जर्मनी संपवली, तर तिने चहासाठी गाडी थांबवायला लावली. आता स्वित्झर्लंडच्या घाटात आहोत. मी जोरात वळले की ती फोटोकडे बघून म्हणते, "बघा हो, तुमची मुलगी!"

तर बाबा, शब्द देते. बुधवारी संध्याकाळच्या आत मासे इटलीत उतरवीन, प्रत्येक लाल दिव्याला थांबून, एकही ओरखडा न काढता. पुढे कधी काही बदलायची वेळ आली तर आधी पहिल्या फेरीचं विचारीन, मगच पान्याला हात लावीन. आणि तुमचा हुकूम आजपासून पाळला जाईल. वरच्या जाळीवर काहीही ठेवणार नाही. आईचा हात तेवढा सोडून.

तुमची,
बाय