दांडा कोणाच्या हातात

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून डाव्या हाताने खरडतेय. तू दवाखान्यात येऊन गेलीस तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं होतं. आतोबा गेले आणि मी वाचले. तुझ्याकडे बघायची हिंमतच झाली नाही.

काल चौकशीवाले आले होते. त्यांना सांगितलं, चूक माझी. इंजिन बंद पडलंय असं धरून हेलिकॉप्टर उतरवायचा सराव आतोबा शेजारी बसून करून घेत होते. नुसत्या पंख्याच्या गिरकीवर खाली यायचं आणि जमीन जवळ आली की दांडा वर ओढून वेग मारायचा. मी उशिरा ओढला आणि आम्ही आदळलो. आतोबांनी शिकवण्यात काही कसर ठेवली नव्हती. मी आता उडणं सोडतेय. मला तोडू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
ठमी

११ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

सोंग कळलं होतं मला. झोपेत तू घोरतेस, गधडे.

तुझा जबाब मला पटला नाही. मी या माणसाबरोबर संसार केलाय. मी गाडी चालवत असले की हे शेजारून गुपचूप स्टिअरिंगला हात लावायचे. मला वाटायचं, घेतलं यांनी. मी सोडून द्यायचे. एकदा फाटकावर आदळलो, तर वर हसत बसले.

तुमच्या उडायच्या शाळेतले दुसरे मास्तर भेटायला आले होते. म्हणाले, ‘मी घेतलं’, ‘तुला दिलं’ असं मोठ्याने बोलल्याशिवाय हवेत हात बदलायचा नाही, असा नियमच आहे. बाकीच्यांशी हे बोलायचे. तू घरची, तुझ्याशी कशाला बोलतील? खरं सांग, यांनी दांड्याला हात लावला होता ना? यांचं नाव राखायला स्वतःचं आयुष्य नासवू नकोस. यांच्या हाताखाली तयार झालेली पोरं आज दुसऱ्यांना शिकवतात. तीही अशीच मुकाट्याने हात घालत असतील, तर?

उत्तराची वाट पाहते.

आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हो, लावला होता. दोघांपुढे एकेक दांडा असतो, एक हलला की दुसराही हलतो. दांडा माझ्या हाताखाली वर सरकला. मला वाटलं आतोबांनी घेतला, म्हणून मी सोडला. त्यांनी नुसता आधार दिला होता, तोही काढून घेतला. शेवटी दांडा कोणीच धरलेला नव्हता गं.

आज चौकशीवाल्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दोष शिकवणाऱ्याकडेच जाईल. शाळा वऱ्हांड्यातला आतोबांचा फोटो काढणार आहे. आता तरी बरोबर वागले का मी?

ठमी

२ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

फोटो मीच जाऊन आणला. शिपायाने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले आणि रडून घेतलं.

बरोबर वागलीस. सांग म्हणणारी मीच, आणि आता राग तुझाच येतोय. तू वाचलीस याचाही येतो कधी कधी. असं लिहू नये, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? यांच्यावर रागवायची तर सोयच उरली नाही.

प्लास्टर निघालं की इकडेच राहायला ये. मी दोन दिवस बोलणार नाही कदाचित, तरी जाऊ नकोस. घरात एकटीला राहवत नाही.

लोभ होता तेवढाच आहे. सध्या फार दुखतोय.

तुझी,
आत्या