आखाजीला लेक येत नाही

अमळनेर, शनिवार. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा सण, आठ दिवसांवर.

सुनंदाचा फोन आला, स्कॉटलंडहून. येत नाही म्हणे. शिंटीची मॅच आहे. शिंटी म्हणजे आपल्या हॉकीसारखंच, पण चेंडू डोक्यावरूनही हाणतात. "आबा, आमचं गाव लहान. क्लबात बायका मोजून बारा. मी आले तर संघच उतरणार नाही."

आमचं गाव म्हणाली. सहज म्हणाली, तेच जास्त लागलं. नर्स म्हणून गेली तेव्हा एकटीला करमेना. मीच म्हटलं होतं, खेळायला जात जा, माणसं जोडली जातील. जोडली की. मग आता मला का टोचावं? आमचं गाव... मग हे कोणाचं?

"बरं, खेळ," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ती हसली. पोर आता इथे पाहुणी म्हणूनच यायची, तीही सवड झाली तर.

हिला सांगितलं. ही अंगणात गेली आणि लेकीसाठी निंबाला बांधलेला झोका सोडायला लागली. म्हटलं, "ऱ्हाऊ दे वं, शेजारन्या पोरी खेयतीन."

"त्यास्ले त्यास्नी माय बांधी देई," म्हणाली, आणि गाठ सोडत राहिली.