काजळी धरलेली काच

कर्जत, पौष अमावास्या, शके १८१९. दिवेलागण.

आम्ही तारे पाहणाऱ्या मंडळींनी दुपारी शाळेपुढे ग्रहण दाखवायला दुर्बीण लावली, पण कुणी पुढे येईना. पाटील म्हणाले, "पोटुशीनं गिरान बघितलं तर पोराला खोड ऱ्हाते, मास्तर." मी म्हणालो, काही होत नाही. तेवढ्यात सातवा लागलेली आमची ही पुढे आली आणि काजळी धरलेली काच तिने डोळ्याला लावली. मग सगळेच आले.

तेव्हापासून पोटातलं बाळ हललेलं नाही. असं होतं का कधी? कुणाला विचारू? आई बोलत नाही. काचेवर हिच्या अंगठ्याचा ठसा आहे, तो पुसवत नाही.

आत्ता ही हळूच म्हणाली, "अहो, दुपारी लोकांना सांगितलंत ना, ते मला एकदा सांगा."

काच हातात होती. ठशाला धक्का न लावता ती मी देवळीत ठेवली.