मार्थाबाईंच्या शाळेतलं पाणी

प्रिय मार्थाबाई,

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुमच्या जिवंतपणी मी एक शब्द उलट बोलले नाही, हे तुम्हीही कबूल कराल. पण परवा पाळकसाहेब मी शिकवते त्या शाळेत आले आणि म्हणाले, "सारा, रविवारी बाईंच्या स्मरणाची उपासना ठेवली आहे. तू त्यांची सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी. चार शब्द तूच बोल." मी हो म्हणाले. घरी येऊन कागद पुढ्यात घेतला, तर ते चार शब्द काही केल्या उतरेनात. म्हणून आधी तुम्हालाच लिहिते.

आठवतं का, तुम्ही पहिल्यांदा आमच्या गावात आलात तो उन्हाळा? तुम्ही नगरकडच्या, मिशनच्या बायबलबाई. पांढरं पातळ, हातात छत्री, आणि बोलणं असं की आमची आई घाबरून तुमच्यापुढे तोंडच उघडत नसे. मी "मले येते" म्हटलं की तुम्ही लगेच अडवायचा, "मले नाही, सारा. मला." आज हे पत्र मी ज्या मराठीत लिहिते आहे ती तुमचीच देणगी आहे. भांडायला तीच वापरावी लागते आहे, याचं मलाही वाईट वाटतं.

सुटीतली बायबल शाळा ही तुमचीच कल्पना होती. मे महिन्यात मलकापूरकडचं ऊन काय असतं! तांबडं फुटताना शाळा सुरू करायची आणि ऊन चढायच्या आत पोरांना घरी धाडायचं. मिशनच्या देवळापुढच्या लिंबाखाली चटया, झाडाला टांगलेली रंगीत चित्रांची गुंडाळी, हातवारे करून म्हणायची गाणी. पाठ म्हणून दाखवणाऱ्याला परदेशातून आलेलं एक चित्राचं कार्ड. त्या कार्डांसाठी गावातली पोरं जीव टाकायची. तुम्ही दोन मोठ्या मुलींना मदतनीस नेमलंत. एक मी, आणि दुसरी पाटलाची देवकी.

पाटलाची मुलगी तुमच्या शाळेत मदतनीस! मलकापूरच्या मिशनच्या मडमसाहेबांना सुद्धा ते खरं वाटलं नव्हतं. पण देवकी होतीच तशी. लहानग्यांची नाकं पुसायची, चिंचोक्यांवरून चाललेल्या मारामाऱ्या सोडवायची आणि गाण्यात तर माझ्या पुढे असायची. चित्रातल्या मेंढपाळाकडे बघून एकदा म्हणाली, "याची काठी आमच्या गुराख्यावानीच हाये वं सारे." आम्ही दोघी इतक्या हसलो की तुम्ही आम्हाला वेगवेगळ्या चटयांवर बसवलंत.

तिला आणायला मीच गेले होते. तुम्ही सोबत होतात. आपण ओट्याच्या खाली उभ्या होतो आणि तिची आई वर तूर निवडत बसली होती. ती म्हणाली, "गोष्टी आयकू द्या पोराईले, गाने म्हनू द्या. आमची काई ना नाही. पन पानी?" मी म्हणाले, "पानी देवकीच आनीन, पाटलीनबाई. तुमच्याच हिरीचं. तिच्याच हातानं पाजीन. आमचा हात नाही लागनार." तिनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "माझा शब्द आहे, बाई."

आम्ही गावाबाहेरच्या वस्तीतले. बाप्तिस्मा झाला, नावं बदलली, तरी गावाच्या लेखी आमचा हात तोच होता. शाळेत फुटाणे मी वाटायचे, कारण फुटाणे कोरडे. कोरडं चालत असे, ओलं चालत नसे. तीन दगडांवर देवकीची घागर असायची आणि ती वरून धार धरायची. पोरं ओंजळ पुढे करायची. मी चार पावलं लांब उभी राहायचे. वाईट वाटायचं का? रोज वाटायचं. पण ठरलं होतं ते ठरलं होतं, आणि त्या ठरण्यामुळेच पाटलाची, माळ्याची आणि तांबोळ्याची पोरं आमच्या पोरांबरोबर एका झाडाखाली बसत होती. ते सुद्धा आमच्या गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मग समारोपाचा दिवस. मडमसाहेब बैलांच्या दमणीतून आल्या. त्या दिवशीचा पाठ विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा होता, जिच्या हातचं यहूदी लोक पाणी पीत नसत तिचा, आणि तो तुम्हीच निवडला होता. देवकीला तुम्ही गाण्याच्या तयारीसाठी देवळात बसवून ठेवलंत. आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "सारा, आज पाणी तू पाज. आपल्या विहिरीचं भर."

मी म्हटलं, "पाटलीणबाई?"

"विचारलंय मी तिला. हो म्हणाली."

"खरंच, बाई?"

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

होता ना, बाई. तेवढाच तर होता. मी आमच्या विहिरीचं पाणी भरलं आणि तुम्ही सांगितलंत म्हणून ते देवकीच्याच घागरीत ओतलं.  पहिली ओंजळ देवकीच्या धाकट्या भावाची. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, जरा थांबला आणि प्यायला. त्याच्यामागे सगळे प्यायले. मला वाटलं, आजपासून मी माणसात आले. मडमसाहेबांनी रुमालानं डोळे पुसले, आणि तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात. माझ्याकडे नाही. हे मला त्या वेळी दिसलं, पण समजलं नाही.

पाटलीणबाईला तुम्ही विचारलंच नव्हतं.

पोरगं घरी जाऊन सांगायचं ते सांगणारच. दुपारी पाटील आणि चार माणसं शाळेपुढे आली. दमणी तोवर परत गेली होती. पाटील आवाज न चढवता म्हणाले, "बाई, शब्द तुमचा होता." तुम्ही दारात उभ्या होतात, मी तुमच्या मागे. मी वाट बघत होते की तुम्ही काय सांगता. तुमच्याजवळ सांगण्यासारखं किती होतं! प्रभूच्या दारात सगळे सारखे, हे तुम्ही आम्हाला रोज शिकवत होतात. तेच सांगितलं असतंत तर मी मार खायला तुमच्या पुढे उभी राहिले असते. पण तुम्ही म्हणालात, "पोरीची चूक झाली, पाटील. मी तिला बजावलं होतं. हिनं ऐकलं नाही."

ज्याच्या खांद्यावर मान ठेवावी त्यानंच गळा कापावा, म्हणतात ना, तसं झालं.

माझा बाप तिथंच होता. त्यानं सगळ्यांदेखत मला मारलं. त्याला तरी काय बोलू? त्याचं पोट पाटलाच्या शेतावर. मार संपल्यावर तुम्ही मला आत नेलंत, हळद लावलीत आणि कानाशी म्हणालात, "थोडे दिवस धीर धर. शाळा वाचू दे. मग मी स्वतः जाऊन खरं सांगेन." मी धीर धरला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण तो धीर म्हणून सोसला, कारण तुम्ही तसं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी देवकी आली. वस्तीच्या वाटेवर लांबच उभी राहिली. घागर तिच्या ताब्यात होती, म्हणून घरी तिलाही धरून बडवलं होतं. मला म्हणाली, "तुनं मले काऊन फसवलं वं सारे? मांगतलं असतं तं मीच माईले इचारलं असतं."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही अंगणात चित्रांची गुंडाळी बांधत होतात. तुम्हाला ऐकू गेलं होतं, बाई. तुमचे हात थांबले होते. मग तुम्ही गाठ मारलीत आणि आत गेलात.

शाळा काही वाचली नाही. बापाचं काम सुटलं आणि आम्ही मलकापूरला आलो. कापसाच्या जीनमध्ये सरकीच्या धुरळ्यात त्यानं पुढची वर्षं काढली, आणि तिथं जडलेला खोकला त्याला शेवटपर्यंत सोडून गेला नाही. मरताना सुद्धा तो हेच समजत होता की पोरीच्या आगाऊपणामुळे आपलं गाव सुटलं.

तुम्हीही मलकापूरला आलात. तुम्ही मला शिकवलंत, शिक्षिका होण्यासाठी नॉर्मल शाळेत धाडलंत, मिशनच्या शाळेत लावून दिलंत. हे मी विसरलेले नाही आणि रविवारी ते सांगणारच आहे. पण खरं सांगा, ते सगळं माझ्यासाठी होतं का? की त्या एका दुपारचं ओझं असं थोडं थोडं उतरवत होतात? प्रेमानं दिलेलं आणि अपराधानं दिलेलं, दोन्ही हातात सारखंच लागतं. मला अजून ओळखता येत नाही.

देवकी वडनेरला दिली. मलकापूरच्या बाजारात एकदा समोरून आली, कडेवर पोर होतं. मी थांबले. तिनं पदर पुढे ओढला आणि भांड्यांच्या दुकानात शिरली. तुम्ही माझ्या शेजारी होतात. वांगी निवडत होतात. मी म्हटलं, "बाई, ती देवकी." तुम्ही म्हणालात, "हो का? किती मोठी झाली." एवढंच?

प्रभूनं त्या विहिरीवरच्या बाईकडे पाणी मागितलं, असं तुम्हीच शिकवलंत ना? मागितलं, बाई. तोंड उघडून मागितलं. ती नाही म्हणू शकत होती. तुम्ही कुणाला विचारलंत? पाटलीणबाईला नाही, देवकीला नाही, मला तर नाहीच. तुम्हाला जात मोडायची होती की मडमसाहेबांना मोडलेली दाखवायची होती? देवकीनं आईला विचारलं असतं. कोण जाणे, आई नाही म्हणाली असती. पण कदाचित एखाद्या उन्हाळ्यात हो सुद्धा म्हणाली असती. तो उन्हाळा तुम्ही आमच्याकडून काढून घेतलात.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी तुमच्यापाशी होते. औषध दिलं, कूस बदलली, केस विंचरले. लोक म्हणाले, पोटच्या पोरीनं केलं नसतं. मी करत होते ते मनापासून, पण कान तुमच्या ओठांकडे लागले होते, हेही खरं. तुम्ही नगरच्या गोष्टी सांगितल्या, मेलेल्या भावाची आठवण काढलीत, बांगड्या कुणाला द्यायच्या ते सांगितलंत. आणि एका संध्याकाळी माझा हात धरलात. मला वाटलं, आता.

तुम्ही म्हणालात, "त्या पाण्याचं मनात ठेवू नकोस हो, सारा. मी तुला केव्हाच क्षमा केली आहे."

मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, दुखण्यानं भ्रमलात. खोटं इतक्या वेळा मनात घोळवलं की तुम्हालाच खरं वाटू लागलं असेल. मरणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा? मी म्हणाले, "बरं, बाई."

त्या समजुतीवर मी तुम्हाला माफ सुद्धा करून टाकलं असतं. पण तुमच्या मातीच्या दिवशी पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले आणि त्यांनी गोष्ट सांगितली. एका खेड्यात, उन्हाळ्याच्या शाळेत, मार्थाबाईंनी पाटलाच्या पोरांना आपल्या विहिरीचं पाणी पाजलं आणि गावाचा रोष एकटीनं अंगावर घेतला. सगळं देऊळ रडलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "साहेब, हे आपल्याला कुणी सांगितलं?" ते म्हणाले, "बाईंनीच. मी भेटायला आलो होतो ना, त्याच आठवड्यात."

म्हणजे तुम्हाला सगळं नीट आठवत होतं. चूक होती तेव्हा ती माझी होती. तिचा मान झाला तेव्हा ती तुमची झाली. आणि वर मला क्षमा!

तर आता ऐका. उद्या सकाळच्या गाडीनं मी नांदुऱ्याला उतरणार आणि तिथून वडनेरला जाणार. देवकीच्या दारात उभी राहून सांगणार की तुझी आई हो म्हणाली, असं मला बाईंनी सांगितलं होतं. ती ऐकेल, न ऐकेल. दार लावून घेतलं तर दारालाच सांगून परत येईन. रविवारी देवळात उभी राहीन आणि तुम्ही मला काय काय दिलंत ते सगळं सांगेन, एकही गोष्ट गाळणार नाही. आणि मग ती दुपार सांगेन, जशी झाली तशी, माझ्या बापाच्या मारासकट. पाळकसाहेबांना वाईट वाटेल. मलाही वाटेल. पण सांगेन, हे माझं तुम्हाला वचन आहे.

आणि त्या संध्याकाळी तुमचा हात हातात घेऊन मी "बरं, बाई" म्हणाले होते, ते मी परत घेते.

तुमची,
सारा