बाळंतिणीची खोली

१४ ऑक्टोबर १९८६

उभं राहिलं एकदाचं गोदाम! पडेगावला, काकासाहेबांच्या जिनिंग कारखान्यामागं. माझं पहिलंच काम. बाईमाणसाच्या नकाशावर कुणी कोंबड्यांचं खुराडंही बांधेना, तेव्हा या माणसानं अख्खं गोदाम हाती दिलं. उपकार आहेत त्यांचे. कापसाच्या दाबलेल्या गाठींसाठी उंच ओटा, थप्प्यांमधून वाट, छपराखाली वाऱ्याला जागा — सगळं मुकाट मान्य केलं. अडले फक्त लांबच्या एकट्या खोलीवर. एवढी जागेची नासाडी कशाला?

मी सांगितलं, सरकीपासून रुई काढताना ठिणगी पडली तर ती गाठीतच दाबली जाते. आत धुमसते, चार-आठ दिवसांनी वर येते. म्हणून नवी गाठ आधी खोलीत, मग गोदामात.

"तुमचं पुस्तक लई भित्रं हाय," म्हणाले. पण बांधली!

२ नोव्हेंबर

कपाळाला हात! उद्या मुहूर्ताची पहिली गाठ. पूजा झाली की ती थेट गोदामात, सगळ्यात आत — रीतच आहे म्हणे. आणि गोदाम सिल्लोडहून आलेल्या जुन्या मालानं गच्च! मी नको म्हटलं, तर काकासाहेब चिडले. लक्ष्मीला कुणी घराबाहेर बसवतं का? आता मुकाट राहावं, तर जीव थाऱ्यावर नाही.

३ नोव्हेंबर

वच्छलाबाई देवासारख्या धावल्या! काकासाहेबांची बायको. आजवर माझ्याशी चार शब्द बोलल्या नसतील. हळदकुंकू वाहून झालं, हमालांनी गाठीला हात घातला, तशा त्या आडव्या उभ्या राहिल्या.

"लेक झाली की लक्ष्मी आली म्हणता न्हवं? मंग ती दहा दिवस कुठं ऱ्हाती? बाळंतिणीच्या खोलीतच की. हिला बी तिथंच निजवा."

हमाल हसले. शेवटी काकासाहेबही. गाठ खोलीत गेली. घरी येऊन मी रडले, आनंदानं.

५ नोव्हेंबर

सगळं शांत. जिनिंग मुहूर्तापुरतीच चालली होती, खरं काम सोमवारपासून. गुलमंडीच्या बाजारात वच्छलाबाईंसाठी खण घेतला. हिरवा.

९ नोव्हेंबर

पूजेचीच गाठ पेटली. हारासकट गेली, खोलीचं छप्परही खाली आलं. गोदामाला धगसुद्धा नाही. काकासाहेब राखेपर्यंत चालत गेले. मग माझ्याकडं वळले.

"ताई, दुसरी गाठ कुठं ठेवू?"