लिफ्टची साक्ष

नेपरव्हिल (अमेरिका), १४ फेब्रुवारी

आदरणीय भानुदासकाका,

सप्रेम जय भीम. कमलाकाकूंचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे बर्फच गुडघाभर आहे, बाकी सगळे मजेत.

शेजारच्या काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखीच, (नाव लिहीत नाही, अजून नोकरी आहे) बस खात्यात मी रिपोर्ट लिहिते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. १९९८ साली व्हीलचेअरवरच्या रोझमेरीबाईंना आमच्या बसने तीनदा स्टॉपवरच सोडलं, कारण व्हीलचेअर उचलून बसमध्ये चढवणारी लिफ्ट बंद. बाई फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गेल्या. कोर्ट म्हणालं, लिफ्ट चालू ठेवा आणि दर तीन महिन्यांनी आम्हाला कळवा. तेव्हापासून कळवतोच आहोत. दोन जज रिटायर झाले, बाई ऐंशीच्या झाल्या, रिपोर्ट काही रिटायर होईना. आमचे बॉस डग म्हणतात, लोकांनी निवडून दिलेली काउंटी आहे, कोर्टाने आणखी किती वर्षं डोक्यावर बसायचं? मला पटलं (खरंच पटलं). देखरेख संपवा असा अर्ज गेला आणि साक्षीला उभी मी.

वकिलाने पढवलं होतं, विचारतील तेवढंच बोलायचं. मी सांगितलं, चार वर्षं रिपोर्टमध्ये एकूण एक लिफ्ट चालू. रोझमेरीबाई पुढेच विणत बसल्या होत्या. मग जजबाईंनी सहज विचारलं, "लिफ्ट तपासता कधी?"

काका, आपल्या घराण्याची जीभ! "रिपोर्टच्या आदल्या आठवड्यात, युअर ऑनर."

"आणि रिपोर्टच नसता तर?"

डग छताकडे बघत होते. रोझमेरीबाईंच्या सुया थांबल्या होत्या. मी म्हणाले, "मग बहुतेक कोणी तपासणार नाही."

वकिलाने फाइल फार हळू मिटली. जजबाई मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बस खातं चालवायची हौस कोर्टालाही नाही. सहा महिन्यांत आधी न सांगता होणारी स्वतःची तपासणी सुरू करा, ती नीट चालली की मी बाजूला होते. बाहेर रोझमेरीबाईंनी माझा हात धरला. "पोरी, या खटल्याचा मलाही कंटाळा आलाय. मला फक्त चर्चला जायचं असतं."

 पाचव्या दिवशी डग यांचा ईमेल आला: तपासणी प्रणिताने बसवावी.

तुमची,
प्रणिता

ता. क. पत्र खरं म्हणजे याचसाठी. एसटीत तुम्ही एकतीस वर्षं तपासनीस होतात. डेपोला सुगावा न लागू देता कसे पोचायचात? सविस्तर लिहा.

ता. क. २. धीर धरवला नाही. आज कोणाला न सांगता पहिली बस तपासायला घेतली. मी स्वतः लिफ्टवर उभी राहिले, आणि ती अर्ध्यावर थांबली आहे. हे तिथूनच लिहितेय.