पलंगावरून न पडलेल्या रुग्णाचा कोड बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सर्वसाधारण रुग्णालय.

विषय : रुग्ण पलंगावरून पडली नसून तिला ठोसा लागला होता, सबब कोड आज सायंकाळी पाचपूर्वी दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : अभिलेख विभागाने परत केलेले माझे दि. ४ व दि. १० चे अर्ज.

महोदय,

१. मी आपल्या अभिलेख विभागात लिपिक आहे. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला मी कोड देतो : काय झाले याला एक, कशाने झाले याला दुसरा. प्रस्तुत प्रकरणी चूक माझीच आहे, हे सुरुवातीसच नमूद करतो, म्हणजे वाचताना आपणांस दोषी शोधत बसावे लागू नये.

२. दि. २६ रोजी माझी सख्खी भाची मुष्टियुद्धाच्या सरावात कानशिलावर ठोसा बसून दोन मिनिटे बेशुद्ध झाली. (घरी तिला छकुली म्हणतात. नाव ठेवले तेव्हा तिचा उजवा हात कुणी पाहिला नव्हता.) डॉक्टरांनी केसपेपरवर 'मेंदूला हादरा' असे इतक्या स्वच्छ अक्षरात लिहिले, की अक्षर लागले नाही ही सबबही मला उरली नाही.

३. हादऱ्याचा कोड पडला की तो आपोआप मुष्टियुद्ध संघटनेकडे जातो व खेळाडूला तीस दिवस खेळू देत नाहीत. निवड चाचणी उद्या, शनिवारी आहे. त्याच दिवशी भाची माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "मामा, तुझ्या त्या जाडजूड पुस्तकात एवढे आजार आहेत, एखादा स्वस्तातला दे ना." मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "आईला सांगून आलेय, मामा आहे तिथे, काळजी करू नकोस." माझी बहीण या मुलीच्या सरावासाठी सहा वर्षे पहाटे चारला उठते आहे. मी विरघळलो. निदान 'डोक्याच्या त्वचेला वरवरची इजा' व कारण 'पलंगावरून पडणे' असे टाकले.

४. घाईत 'ठिकाण' हा रकाना पाहायचा राहिला. तिथे आपोआप 'रुग्णालय' येते. परिणामी भाची आपल्याच महिला कक्षात पडली असे ठरले. पाच दिवसांत पलंग क्र. ११ ला कठडे बसले (इतर कोणतेही काम इतक्या तत्परतेने झाल्याचे स्मरत नाही) आणि ड्यूटीवरच्या सिस्टरना नोटीस निघाली. त्या कॅन्टीनमध्ये मला म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी तो पलंग रिकामा होता. रिकाम्या पलंगावरून पडलं तरी कोण?" मी चहा ढवळत राहिलो. साखर घातलेली नव्हती.

५. बहात्तर तासांनंतर नोंद आपल्या सहीशिवाय उघडत नाही. दुरुस्तीची कारणे तीनच : टंकदोष, नावात बदल, रुग्ण मृत. लिपिकाने जाणूनबुजून खोटे लिहिले, याची सोय नाही. विभागप्रमुखांनी पहिला अर्ज 'रुग्णाची तक्रार नाही' म्हणून परत केला. दुसरा, कठड्यांचे काम पूर्ण झाल्याने आता पडणे रद्द करता येत नाही, म्हणून. वर समजुतीने म्हणाले, "मुलगी हिंडतेफिरते आहे ना? मग कशाला उकरून काढताय?"

६. हिंडतेफिरते आहे, हीच अडचण आहे. रविवारी ती दुपारी जेवायला आली. उजेड सोसत नाही म्हणून पडदे ओढायला लावले. "मामा, शनिवारी येणार ना बघायला?" हे तिने ताट वाढेपर्यंत तीनदा विचारले, दर वेळी नव्या उत्साहाने. बहीण हसली, "हिला दुसरं काही सुचतच नाही." मी हसू शकलो नाही. तसाच ठोसा पुन्हा बसला तर पुढे काय होते, त्याचेही कोड मला पाठ आहेत.

७. काल मी केसपेपरची प्रत, परवानगी न घेता, चाचणीच्या डॉक्टरांना दिली. ते म्हणाले, "कागद पटतो हो, पण आमच्याकडे संगणक सांगेल ते खरं. उद्या पाचपर्यंत कोड बदला, नाहीतर तिला उतरू द्यावं लागेल."

८. तरी नोंद उघडून खरा कोड टाकण्यास सही द्यावी, सिस्टरवरील नोटीस मागे घ्यावी व माझ्यावर योग्य ती कारवाई करावी. कठडे राहू द्यावेत.

९. भाचीने बोलणे टाकले आहे. बहीण म्हणते, काल मी तिच्या लेकीचा घात केला. घात केला हे खरे, तारीख मात्र तिने चुकीची धरली आहे. २६ तारखेला मी कोणता कोड टाकला, हे तिला अजून कुणी सांगितलेले नाही. आपली सही झाली की मी ते सांगायला तिच्या घरी जाणार आहे. तोवर आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो आहे.

आपला नम्र व कारवाईस पात्र,
(सही)
निदान-कोड लिपिक, अभिलेख विभाग
दि. १४, दुपारी ३.१०

सोबत : केसपेपरची प्रत, परत आलेले दोन्ही अर्ज.